वेब सर्व्हरवरील माहिती पार्श्वभूमीत ताजी कशी ठेवावी

टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमध्ये विनंत्या हाताळणाऱ्या थ्रेडची (एका वेळी एकच विनंती हाताळणाऱ्या कामाच्या धाग्यांची) कमाल संख्या, आपण ती बदलली नसल्यास, २०० असते. मुखपृष्ठावरची एखादी यादी डेटाबेसमधून काढायला २ सेकंद लागत असतील आणि प्रत्येक थ्रेड तोवर अडकून पडत असेल, तर प्रोसेसर निवांत असूनही सर्व्हर सेकंदाला १०० हून अधिक विनंत्या पुऱ्या करू शकत नाही. यादी मेमरीत तयार ठेवून उत्तर २० मिलिसेकंदांत दिले, तर निव्वळ हिशेबाने ही मर्यादा १०,००० होते. थ्रेडची संख्या वाढवण्याचा मोह टाळावा, कारण त्याने डेटाबेसवरचा भार तेवढा वाढतो.

मात्र साधी कॅशे, म्हणजे अशी तयार ठेवलेली प्रत, पुरेशी नाही. प्रत ठरावीक वेळेनंतर पुसली गेली की नेमक्या त्या क्षणी आलेल्या वाचकाला ताटकळावे लागते, आणि कॅशे सर्वांसाठी एकच शोध चालवण्याची काळजी घेत नसेल, तर शेकडो विनंत्या एकदम डेटाबेसवर तुटून पडतात. म्हणून प्रत पुसण्याऐवजी जुनी प्रत देत राहावे आणि नवी मागच्या मागे तयार करावी. जावामधील कॅफिन लायब्ररीत यासाठी 'रिफ्रेश आफ्टर राइट' ही सोय आहे: मुदत उलटल्यानंतरची पहिली मागणी जुनीच प्रत घेऊन जाते, दुसरा थ्रेड नवी आणतो, आणि आणताना चूक झाली तर जुनी शाबूत राहते. तिच्या जोडीला 'एक्सपायर आफ्टर राइट'ची लांब मुदत द्यावी. नाहीतर फार दिवस कोणी न मागितलेली प्रत पहिल्या वाचकाला तशीच शिळी मिळेल.

अनुप्रयोगाच्या कोडला हात लावायचा नसेल, तर अनुप्रयोगाच्या पुढे बसवलेल्या एन्जिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये 'प्रॉक्सी कॅशे यूज स्टेल'ला 'अपडेटिंग' हे मूल्य द्यावे आणि आवृत्ती १.११.१० पासून उपलब्ध असलेला 'प्रॉक्सी कॅशे बॅकग्राउंड अपडेट' चालू करावा. केवळ पहिला बदल केल्यास एक वाचक अडकतोच. कॅशे अगदी रिकामी असतानाच्या गर्दीसाठी 'प्रॉक्सी कॅशे लॉक' (एकच विनंती पुढे सोडून बाकीच्यांना थांबवणारा) वेगळा लावावा लागतो.

खात्यातील शिल्लक किंवा आरक्षणात उरलेल्या जागा यांना ही पद्धत लावू नये. इतरत्र प्रत्येक प्रतीचे वय लॉगमध्ये नोंदवावे, कारण पार्श्वभूमीतले काम बंद पडले तरी पान व्यवस्थित उघडत राहते आणि कोणाची तक्रार येत नाही.