कंपनीची गाडी ताब्यात घेण्याआधी

ड्रायव्हर म्हणून घेताना लायसन बघतात, डोळे तपासतात, एक ट्रायल घेतात. गाडी सांभाळायची म्हणजे काय, हे मात्र कुणी बसवून सांगत नाही. मी चाकण एमआयडीसीत आधी पिकअपवर होतो, मग स्टाफ बसवर, आता साहेबांच्या गाडीवर. तिन्हीकडे नव्या पोरांचा समज एकच: गाडी कंपनीची, मेंटेनन्स ट्रान्सपोर्टवाल्यांचा, आपण फक्त स्टिअरिंग धरायचं.

कायदा तसं मानत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम १९० बघा. धोकादायक बिघाड माहीत असताना गाडी रस्त्यावर आणली, किंवा साधी काळजी घेतली असती तर तो बिघाड कळला असता, तरी चालवणारा सापडतो. चालवायला लावणाराही सापडतो. दंड १५०० रुपयांपर्यंत, पण त्या बिघाडापायी अपघात होऊन कुणाला इजा झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

म्हणून सकाळची दहा मिनिटं सोडायची नाहीत. गाडी हलवण्याआधी खाली वाकून जमीन बघा. काळा चिकट डाग म्हणजे ऑइल, हिरवट किंवा गुलाबी ओल म्हणजे कूलंट. नुसतं पाणी असेल तर बहुतेक एसीचं, सोडून द्या. सपाट जागी, थंड इंजिनवर ऑइलची पट्टी काढा, पुसा, परत घाला आणि मग बघा. न पुसता बघितलेली पट्टी खोटं बोलते. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही. हवा टायर थंड असताना तपासा. किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं, पंक्चरवाल्याच्या अंदाजावर नको. ब्रेकलाइट एकट्याला दिसत नाहीत, वॉचमनमामांना मागे उभं करा. आणि स्टेपनी! बंपरला दर शनिवारी नवी लिंबू-मिरची आणि स्टेपनीत हवा गेल्या दसऱ्याची, अशा गाड्या कमी नाहीत.

एअर ब्रेकची बस असेल तर हवेच्या टाकीतलं पाणी ड्रेन करायला विसरू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या कडक नियमांच्या, डिझेल गाड्यांनी जुन्या सवयी मोडायला लावल्या. साहेब मीटिंगमध्ये असताना तासभर एसी लावून इंजिन चालू ठेवायचं, ही त्यातली सगळ्यात वाईट. सायलेन्सरच्या लाइनमधला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, त्याने भरतो. त्याचा दिवा लागला की गाडी गावात फिरवून उपयोग नाही. हायवेवर एकसारख्या वेगाने पंधरा-वीस मिनिटं चालवली की बहुतेक वेळा काजळी जळून जाते. दिवा तसाच राहिला तर सर्व्हिस सेंटर. ज्या गाडीला डीईएफ लागतं, म्हणजे धूर स्वच्छ करायला वेगळ्या टाकीत भरायचं पातळ द्रावण, आपण ज्याला युरिया म्हणतो, त्या टाकीचं झाकण निळं असतं. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर चावी फिरवायची नाही, तिथूनच फोन करायचा.

आता लॉगबुक. दुरुस्ती आपलं काम नाही, पण बिघाड कळवणं शंभर टक्के आपलं. ‘ब्रेक बरोबर नाही’ असं लिहून मेकॅनिकला काही कळत नाही. ‘मागचं डावं चाक, ब्रेक दाबला की घासल्याचा आवाज, कालपासून’ असं लिहा, पुढे किलोमीटर आणि वेळ टाका. सुपरवायझरची सही घ्या, पानाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. तोंडी सांगितलेलं चार दिवसांनी कुणालाच आठवत नाही, आणि तपासात पहिला प्रश्न ‘तू कळवलं होतंस का?’ हाच येतो.

‘आजच्या दिवस चालव, उद्या बघू’ हे वाक्य प्रत्येकाला ऐकावं लागतं. एसी, काच, हॉर्नचा खरखराट, यासाठी भांडू नका. ब्रेक, स्टिअरिंग, टायर यांच्याबाबत मात्र शांतपणे नाही म्हणा आणि तेच ट्रान्सपोर्टच्या ग्रुपवर लिहून टाका. मेसेज दिसला की दुसरी गाडी बऱ्याचदा निघते, असा माझा अनुभव आहे.

कागदांचं एवढंच: इन्शुरन्स, पीयूसी, पासिंगच्या तारखा ऑफिसने सांभाळायच्या असतात, तरी तुमच्या मोबाइलमध्ये रिमाइंडर असू द्या. चौकात हवालदार तुम्हालाच थांबवतो.

शिफ्ट बदलताना चावी घेण्याआधी दुसऱ्या ड्रायव्हरसोबत गाडीभोवती एक फेरी मारा. ओरखडे, पोचे, जॅक, पाना, किलोमीटर, डिझेल, सगळं त्याच्यासमोर लिहा. तो घाईत असला तरी सही घेतल्याशिवाय सोडू नका.