म्हाताऱ्या पावसाचा आठवडा: उघडीप हेरून कामं काढा

20 जुलैच्या आसपास सूर्य पुष्य नक्षत्रात जातो, पुनर्वसू नक्षत्राचा तरणा पाऊस संपतो आणि म्हातारा लागतो. नावाने म्हातारा, पण कोकणात त्याच्या अंगात जोर भरपूर असतो. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीने चिपळूणची जी दैना केली ती याच नक्षत्रात. तेव्हा पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत या आठवड्यात पाऊस आहे, हे कळायला हवामान खातं लागत नाही. खात्याकडून आपल्याला खबर हवी असते ती उघडिपीची. भाताचा खताचा हप्ता, सुपारीची फवारणी, नाचणीची बेणणी (खुरपणी), सगळं तिच्यावर अडलेलं असतं.

मंगळवारी आणि शुक्रवारी निघणाऱ्या कृषी हवामान पत्रिकेत पुढच्या पाच दिवसांचा अंदाज असतो. तो वाचताना हमखास एक गडबड होते. 'तुरळक ठिकाणी जोरदार ते अति जोरदार पाऊस' हे वाचून बरेच जण तुरळक म्हणजे थोडासा पाऊस असं धरतात. तुरळक हा शब्द जागेचा आहे, पावसाच्या जोराचा नाही. जिल्ह्यातल्या पर्जन्यमापकांपैकी पाव किंवा त्याहून कमी ठिकाणी पाऊस होणार असेल तेव्हा खातं 'तुरळक ठिकाणी' म्हणतं; निम्म्यापर्यंत असेल तर 'काही ठिकाणी'. जोर सांगतात ते पुढचे शब्द. चोवीस तासांत 64.5 ते 115.5 मिलिमीटर म्हणजे जोरदार, त्यापुढे 204.4 पर्यंत अति जोरदार आणि त्याच्याही वर अत्यंत जोरदार. तो तुरळक ठिकाणचा पाऊस नेमका आपल्याच वाडीवर कोसळू शकतो.

हे मिलिमीटरही शेतातल्या हिशेबात आणून बघा. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. 100 मिलिमीटर झाला तर एका गुंठ्यावर दहा हजार लिटर पाणी एका दिवसात उतरलं. वरच्या खाचरांचं (बांध घातलेल्या भातशेतांचं) येतं ते वेगळंच. बांधाचं तोंड दोन विती ठेवायचं की चार, हे या आकड्यावरून ठरवता येतं.

आणखी दोन गोष्टी. खात्याचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होऊन दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो, म्हणजे आज सकाळी जाहीर झालेला आकडा बहुतेक कालच्याच पावसाचा. आणि इशाऱ्याचा रंग साधारण सबंध जिल्ह्याला धरून असतो. रत्नागिरी जिल्ह्याला नारिंगी रंग दिला तर हर्णैच्या किनाऱ्याला आणि खेडच्या घाटपायथ्याला सारखाच पाऊस होणार असं नव्हे. ढग सह्याद्रीला अडले की पायथ्याच्या गावांना जास्त झोडपतात. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, आणि लाल म्हणजे शेतात न जाता माणसं-जनावरं सुरक्षित जागी हलवा. पाच दिवसांपैकी पहिल्या दोन दिवसांवर कामाची आखणी करावी, पुढचे तीन नुसते नजरेखाली ठेवावेत आणि रोज नव्याने बघावेत.

उघडीप केव्हा मिळेल याचा थोडा अदमास आपल्यालाही बांधता येतो. दक्षिण गुजरातपासून केरळपर्यंत किनाऱ्याला लागून कमी दाबाचा पट्टा जोरात असतो आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागरात कमी दाबाचं क्षेत्र तयार होऊन पश्चिमेकडे सरकू लागतं, तेव्हा अरबी समुद्रावरून येणारा वारा जोर धरतो आणि कोकणात झड लागते. म्हणून ओडिशाच्या किनाऱ्याची बातमी इथल्या शेतकऱ्यानेही कान देऊन ऐकावी. याउलट मोसमी पावसाचा मुख्य पट्टा हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की आपल्याकडे जोर ओसरतो, ऊन-पावसाचा खेळ सुरू होतो. अडलेली कामं उरकायला हेच दिवस.

भात

लावणी उरली असेल तर आता दिवस घालवू नका. हळव्या (लवकर तयार होणाऱ्या) जातीचं रोप 21 ते 25 दिवसांचं असताना लावलेलं चांगलं. महिना उलटलेल्या रोपाला फुटवे कमी येतात. अशी जून रोपं लावायची वेळ आलीच तर एका चुडात (एका जागी लावलेल्या जुडीत) दोन-तीनऐवजी चार-पाच रोपं घ्यावीत आणि अंतर 15 बाय 15 सेंटिमीटरवर आणावं. रिमझिमीत लावणी खुशाल करा, इरलं आहेच. पण खाचरातून पाणी वाहत असताना लावणी करू नये. दोन-तीन सेंटिमीटर खोल लावलेला चूड त्या ओढीने उपटून वर येतो आणि दुसऱ्या दिवशी सगळी रोपं खालच्या बांधाला गोळा झालेली दिसतात. भीतीने रोप खोल खुपसू नये, त्याने फुटवे मार खातात. त्यापेक्षा अर्धा दिवस थांबा. लावणी संपल्यावर उरलेली रोपं फेकू नका; एका कोपऱ्यात दाटीने लावून ठेवा, नांग्या (मेलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा) भरायला तीच कामी येतात.

लावणी होऊन महिना होत आला असेल तर नत्राचा दुसरा हप्ता आला. खरी घाई-गडबड होते ती इथे. हेक्टरी 100 किलो नत्राच्या शिफारशीतला 40 टक्के वाटा लावणीच्या वेळी, 40 टक्के फुटव्यांच्या वेळी आणि उरलेला 20 टक्के पुढे लोंबी येण्याच्या सुमाराला द्यायचा असतो. दुसऱ्या हप्त्याचा हिशेब गुंठ्याला साधारण 870 ग्रॅम युरिया असा बसतो. पुढचे दोन दिवस जोरदार पावसाचे असतील तर युरियाची गोणी घरातच बरी. बांधावरून पाणी वाहतंय आणि आपण युरिया फेकतोय, म्हणजे ते खत सरळ व्हाळात (ओढ्यात) चाललं. हप्ता चार-सहा दिवस पुढे गेल्याने भाताचं फारसं बिघडत नाही, वाहून गेलेलं खत मात्र परत येत नाही. उघडीप मिळाली की आधी तण काढा, खाचरातलं पाणी उतरवा, बांधाची तोंडं बंद करा, मग युरिया फेका. दिवसभराने हळूहळू पाणी चढवून पाच सेंटिमीटरपर्यंत ठेवा. ज्यांनी लावणीनंतर लगेच चार चुडांमध्ये एक अशी युरिया-डीएपी खताची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) पाच ते सात सेंटिमीटर खोल खोचली आहे त्यांना या हप्त्याची चिंता नाही. पाऊस जास्त असलेल्या भागात ब्रिकेटचा खरा फायदा हाच, आणि लावणीच्या दिवशी लागणारी जादा मजुरी त्यात भरून निघते असं माझं मत आहे.

बांधांवरून रोज एक फेरी मारा. खेकड्यांनी पाडलेल्या भोकांतून रात्रीत सगळं खाचर रिकामं होतं आणि दोन सरींनंतर तिथूनच बांध खचतो. पाणी बाहेर पडतं त्या बाजूला, बांधाच्या मुळाशी गढूळ बुडबुडे दिसले की भोक तिथेच समजावं. आतल्या बाजूने चिकणमातीचा गोळा आणि गवत ठासून भरावं, बाहेरून नुसतं लिंपून उपयोग नाही. पाणी सोडायच्या तोंडाशी दोन दगड रचले की माती कापली जात नाही. भोकात विषारी औषध ओतायच्या फंदात पडू नका. तेच पाणी खालच्या खाचरात, तिथून व्हाळात आणि विहिरीत जातं.

पुराचं पाणी भातावरून गेलं असेल तर आधी निचरा करा. पातीवर गाळ बसला असेल तर स्वच्छ पाणी मारून धुवा. पीक पिवळं दिसलं म्हणून त्याच दिवशी युरिया टाकू नका. नवी पात फुटू दे, मग टाका. पुरानंतर कडाकरपा येण्याची भीती असते. पातीच्या कडा शेंड्याकडून पिवळट, मग गवती रंगाच्या होऊन वाळत आल्या तर नत्र थांबवायचं आणि त्या खाचराचं पाणी दुसऱ्याच्या खाचरात सोडायचं नाही.

खाडीकाठच्या खार जमिनी

इथे पावसाच्या अंदाजाबरोबर भरतीचं वेळापत्रकही बघावं लागतं. अमावास्या-पौर्णिमेला आणि नंतरचे एक-दोन दिवस उधाण मोठं असतं. भरती चढली की खारबंधाऱ्याच्या उघाड्या (पाणी बाहेर सोडणारी झापेची दारं) मिटतात आणि आतलं पावसाचं पाणी आतच कोंडतं. ओहोटी लागल्याशिवाय ते निघत नाही. तेव्हा अति जोरदार पावसाचा इशारा उधाणाच्या दिवसांतच आला तर आदल्या ओहोटीला खाचरांतलं पाणी कमी करून ठेवा. उघाडीच्या झापेत लाकूड, प्लास्टिक अडकलेलं असेल तर तेही त्याच वेळी काढा. झाप नीट मिटली नाही तर खारं पाणी आत शिरतं. एरवी हा जोराचा पाऊस खार जमिनीला हवाच असतो, वर आलेले क्षार तोच धुऊन नेतो.

बागा

सुपारीच्या बागायतदारांनी या आठवड्यात सगळ्यात आधी तारीख तपासावी. पावसाळ्याच्या तोंडावर बोर्डो मिश्रणाची (मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकाची) पहिली फवारणी झाली असेल तर 40 ते 45 दिवसांनी दुसरी करायची, आणि ती नेमकी आता येते. कोळेरोग (सुपारी कुजवून गळवणारा बुरशीचा रोग) लागल्यावर गळ थांबवणं अवघड असतं. फवारा घोसांवर बसून सुकायला काही तासांची कोरडी उघडीप लागते, आणि झाडावर चढणारा गडी नेमका त्याच दिवशी सगळ्या गावाला हवा असतो. म्हणून त्याला आधी सांगून ठेवा. मोरचूद आणि चुना घरात आणून ठेवा, मिश्रण मात्र फवारणीच्याच दिवशी करा.

एक टक्का मिश्रणाला एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना आणि 100 लिटर पाणी लागतं. प्लास्टिकच्या एका पिंपात 50 लिटर पाण्यात मोरचूद विरघळवा, दुसऱ्यात 50 लिटरमध्ये चुना विरवून गाळून घ्या. थंड झाल्यावर तिसऱ्या पिंपात दोन्ही एकदम ओतत काठीने ढवळत राहा; आकाशी रंग येतो. मग घासून चकचकीत केलेलं विळ्याचं पातं त्यात मिनिटभर बुडवा. पात्यावर तांबूस पूट चढलं तर मोरचूद मोकळा आहे, आणखी चुन्याची निवळी घाला. ही तपासणी टाळली तर कोवळ्या घोसांना चटका बसतो. झाडाखाली गळलेल्या सुपाऱ्या वेचून बागेबाहेर नष्ट करा, रोग तिथूनच पुन्हा वर चढतो.

माडाच्या मधल्या कोवळ्या पानाकडे मान वर करून बघत जा. ते मलूल, पिवळट दिसलं आणि ओढल्यावर सहज हातात आलं, घाण वास आला, तर कोंब कुजतोय. कुजका भाग पूर्ण काढून बोर्डो पेस्ट लावावी आणि पाणी जाणार नाही असं वरून झाकावं.

हापूसच्या मोठ्या कलमांना पॅक्लोब्युट्राझॉल (मोहोर यावा म्हणून मुळांशी द्यायचं वाढरोधक) देण्याचा काळ 15 जुलै ते 15 ऑगस्ट. महिना हातात आहे, मग धो-धो पावसात आळवणी करण्याचं कारण नाही. द्रावण मुळांशी न राहता उतारावरून वाहून जातं. जमीन ओली पण पाऊस थांबलेला, असा दिवस धरावा. यंदा लावलेल्या आंबा-काजूच्या कलमांना काठीचा आधार द्या, जोडाच्या खाली आलेला फुटवा खुडा, बुंध्याशी पाणी साचू नये म्हणून मातीची भर द्या.

पडवळ, दोडका, काकडीचे मांडव वाऱ्याआधी ताणून बांधून घ्या. हळद-आल्याच्या सऱ्यांचं तोंड मोकळं ठेवा, कंदकुजीवर पहिला उपाय निचराच. नाचणीची बेणणी उघडिपीतच काढा. पावसात उपटलेलं तण तिथेच पुन्हा रुजतं.

माणसं आणि जनावरं

चिखलात दिवसभर काम करणाऱ्यांनी पायावरची जखम उघडी ठेवू नये. शक्य तिथे गमबूट घालावेत. काम करून आल्यावर साधारण पाच ते चौदा दिवसांत, कधी महिनाभरातही, ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं काही झालं तर अंगावर न काढता प्राथमिक आरोग्य केंद्रात जावं आणि भाताच्या चिखलात काम केल्याचं डॉक्टरांना सांगावं. लेप्टोस्पायरोसिसचा (उंदीर-जनावरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचा) संशय लगेच घेतला तर औषध वेळेवर सुरू होतं. पेंढ्याच्या उडवीत, दगडी बांधात हात घालण्याआधी काठी फिरवा, फुरसं (विषारी साप) अशाच जागी बसलेलं असतं.

जनावरांना नुसतं कोवळं ओलं गवत पोटभर घातलं तर पोटफुगी होते, म्हणून सोडण्याआधी थोडा सुका पेंढा घाला. गोठ्यातली ओल काढा.

डोंगरउतारावरच्या वाड्यांनी जमिनीला नवी भेग पडणं, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, नेहमीच्या झऱ्याला अचानक गढूळ पाणी येणं यातलं काहीही दिसलं तर इशाऱ्याच्या रंगाची वाट न बघता जागा सोडावी आणि तलाठी, ग्रामपंचायतीला कळवावं. पिकाचं नुकसान झालं असेल तर बांध दुरुस्त करण्याआधी फोटो काढून कृषी सहायकाला कळवा. एकदा खाचर नीट केलं की पंचनाम्यात दाखवायला काही उरत नाही.