गॉलच्या तटाआत एक रात्र: निघण्याआधीची तयारी

श्रीलंकेतल्या गॉलला मी पहिल्यांदा गेलो ते एका दिवसाच्या बेतावर. कोलंबोहून सकाळची गाडी, संध्याकाळच्या गाडीने परत. बरोबर आई होती. किल्ल्याच्या तटावर पाय ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते. दगड तव्यासारखा तापलेला, डोक्यावर झाडाची सावली नाही. आईने पदर डोक्यावर घेतला आणि अर्ध्या तासात म्हणाली, "तू बघून ये, मी इथंच बसते." चारच्या सुमाराला ऊन कललं, घरांची दारं उघडली, पोरं पतंग घेऊन तटाकडे पळाली, आणि आम्ही मात्र स्टेशनाच्या वाटेला लागलो होतो.

म्हणून यादीतलं पहिलं काम हे, की तटाच्या आत एक रात्र मुक्काम ठरवा. दोन जमल्या तर फारच छान. आपल्याकडे किल्ला म्हटलं की चढण, बुरूज, पडके वाडे आणि दमून खाल्लेली शिदोरी डोळ्यांपुढे येते. गॉलचा किल्ला सपाटीवर आहे आणि तो नांदतं गाव आहे. आत कोर्ट आहे, पोस्ट आहे, मुलींची शाळा आहे, बुद्धमंदिर, मशीद आणि चर्च चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. १५८८ च्या सुमाराला पोर्तुगीजांनी इथे तटबंदीला हात घातला, १६४० मध्ये डचांनी ती त्यांच्याकडून जिंकून घेतली आणि आज दिसते तशी भक्कम केली, १७९६ मध्ये इंग्रज आले. १९८८ पासून हे जागतिक वारसास्थळ आहे. पण या सगळ्या सालांच्या मध्ये माणसं राहतच आली, आणि गाव पाहायचं तर सकाळ-संध्याकाळच पाहायला हवं.

मुक्कामाची जागा ठरवताना दोन गोष्टी आधीच विचारून घ्या. बरीच जुनी घरं आता पाहुण्यांसाठी उघडलेली आहेत: पुढे खांबांचा व्हरांडा, मधे चौक, वर कौलं. त्यांतल्या काहींचे लाकडी जिने अगदी उभे असतात. गुडघेदुखीचं माणूस बरोबर असेल तर तळमजल्याचीच खोली मागा. दुसरं, पंखा की एसी, हे फोटोवरून ठरवू नका. समुद्राजवळची दमट रात्र आहे.

महिना निवडायचा तर डिसेंबर ते मार्च. मे ते सप्टेंबर नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस हा किनारा झोडपतो आणि समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरलाही पाऊस असतोच, तेव्हा दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी छत्री घ्यावीच. तारीख पक्की करण्याआधी पंचांगात पौर्णिमा कधी आहे ते बघा. श्रीलंकेत प्रत्येक पौर्णिमेला 'पोया'ची सार्वजनिक सुट्टी असते, त्या दिवशी दारू मिळत नाही आणि सुट्टीला जोडून शनिवार-रविवार आला की गाड्यांना तुडुंब गर्दी होते. देवळात पांढऱ्या कपड्यांतली माणसं आणि पणत्या पाहायच्या असतील तर मात्र मुद्दाम त्याच दिवशी जा.

कागदपत्रांचं काम थोडक्यात आटपतं. पासपोर्टची मुदत सहा महिन्यांहून जास्त शिल्लक हवी, प्रवासाची ऑनलाइन परवानगी सरकारी संकेतस्थळावरूनच काढायची, आणि तिचे नियम अधूनमधून बदलत असल्यामुळे विमानाचं तिकीट काढायच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचायचे. घड्याळ बदलावं लागत नाही, दोन्ही देशांची वेळ एकच. चार्जरसाठी अडॅप्टर मात्र घ्या. तिथे बऱ्याच ठिकाणी चौकोनी तीन पिनांचे सॉकेट आहेत.

आता गाडी. कोलंबोच्या स्टेशनाचं नाव 'फोर्ट' आणि गॉलमधल्या वस्तीलाही सगळे 'फोर्ट'च म्हणतात, त्यामुळे रिक्षावाल्याला पत्ता सांगताना शहराचं नाव जोडा. अंतर सुमारे ११५ किलोमीटर, वेळ अडीच तासांच्या आसपास. जाताना उजव्या खिडकीची जागा धरा. समुद्र इतका जवळ येतो की भरतीच्या वेळी लाट रुळांपर्यंत पोचेल की काय असं वाटतं. राखीव जागा नसेल तर वीस-पंचवीस मिनिटं आधी फलाटावर उभं राहावं, आणि सामान एकेकाला स्वतः उचलता येईल इतकंच असावं.

अंबलनगोडा गेल्यावर, हिक्कडुवा येण्याआधी, पेरलिया नावाचं छोटं गाव लागतं. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत याच मार्गावरची भरलेली गाडी इथे पाण्याने उचलून फेकली. हजाराहून जास्त माणसं गेली. तिथे स्मारक आहे. हे आधी माहीत असू द्या, म्हणजे खिडकीतून लाटांचे फोटो काढताना डब्यातला एखादा वयस्क माणूस गप्प का झाला ते समजेल. त्याच दिवशी गॉलमध्ये तटाबाहेरचं बसस्थानक आणि क्रिकेटचं मैदान उद्ध्वस्त झालं, आणि आतलं गाव बऱ्याच अंशी त्या जुन्या भिंतींनी वाचवलं. तटावर हात ठेवाल तेव्हा एवढं आठवा.

आणि हात ठेवाच. भिंतीजवळ जाऊन नीट बघा. ग्रॅनाइटच्या काळ्या दगडांमध्ये फिकट, सच्छिद्र तुकडे दिसतील, काहींवर फुलासारख्या बारीक रेघांची नक्षी. ते प्रवाळ आहे. समुद्रातून काढलेलं, चुन्यात बसवलेलं. ते उकरायचं नाही आणि घरी तर मुळीच आणायचं नाही. प्रवाळ, कासवाच्या पाठीच्या वस्तू, जुन्या पुरातन चिजा परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. तटावर कुणी डच नाणी विकायला आलं तर नम्रपणे नको म्हणा.

बॅगेत काय घ्यायचं ते सांगतो. कडेची टोपी, उन्हाची क्रीम, सुती पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचं मलम (डेंग्यू तिथेही आहे), ओआरएसची चार पाकिटं आणि घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल. तटाच्या कडेला कठडा नाही. खाली खडक आहेत. लहान मुलांचा हात सोडू नका आणि सेल्फीसाठी मागे सरकू नका. दक्षिण टोकाच्या फ्लॅग रॉकवरून काही जण पैसे घेऊन खालच्या पाण्यात उडी मारून दाखवतात. मला ते बघवत नाही, आणि पैसे देऊन त्यांना आणखी एक उडी मारायला लावू नये असं मनापासून वाटतं.

देवळांसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे वेगळे ठेवा. चपला आणि टोपी बाहेर. तापलेल्या फरशीवर पाय भाजतात, म्हणून पायमोज्यांची एक जोडी. बुद्धाच्या मूर्तीकडे पाठ करून फोटो काढणं तिथे अपमान समजतात. घरातल्या तरुण पोरांना हे विमानातच सांगून ठेवा.

शाकाहारी मंडळींनी एक शब्द पाठ करून जायचा: उंबलकड. म्हणजे वाळवून कडक केलेला मासा. तो कुटून खोबऱ्याच्या सांबोलात, म्हणजे चटणीत, आणि पुष्कळ भाज्यांत घालतात, आणि वाढणाऱ्याला तो मासा वाटतच नाही. त्यामुळे "व्हेज आहे का?" एवढं विचारून भागत नाही, "उंबलकड नको" असं सांगावं लागतं. तेवढं सांभाळलं की जेवणाची चंगळ आहे. डाळीचं परिप्पू, फणसाची भाजी, शेवयांसारखे इंदिआप्पा, आणि शेवटी म्हशीचं घट्ट दही कितुलच्या काकवीसारख्या पाकाबरोबर. कितुल म्हणजे आपल्या कोकणातला भेरली माड. आईने दुसऱ्या खेपेला ते दही दोनदा मागून घेतलं. पैशांत श्रीलंकन रुपयांच्या छोट्या नोटा ठेवा. मोठ्या दुकानांत कार्ड चालतं, पण रिक्षा आणि शहाळ्याला सुटे लागतात. रिक्षात बसण्याआधी भाडं ठरवा किंवा ॲपवरून बोलवा, आणि वाटेत रत्नांच्या दुकानात 'नुसतं बघायला' उतरू नका.

क्रम असा लावा. पोचल्या दिवशी दुपारी घरात किंवा दालनांत राहा. डच रिफॉर्म्ड चर्च १७५५ चं आहे, आत थंडावा आहे आणि जमिनीत कोरीव थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. किल्ल्याच्या जुन्या दरवाज्याच्या आतल्या बाजूला डच ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह, वर कोंबडा आणि १६६९ साल कोरलेलं आहे, तर बाहेरच्या बाजूला इंग्रजांची राजमुद्रा. एकाच कमानीला दोन मालक! एखाद्या दारात बाई बीरळू लेस विणत बसलेली दिसली तर थांबा. गोल उशीवर टाचण्या रोवलेल्या, लाकडी गुंडाळ्यांच्या जोड्या बोटांतून इकडून तिकडे टाकताना टकटक असा बारीक आवाज येतो, आणि तासाभरात बोटाच्या पेराएवढी पट्टी पुढे सरकते. घ्यायचीच असेल तर तिथूनच घ्या आणि घासाघीस करू नका.

साडेचारला तटावरच्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून निघा. हा मनोरा १८८३ चा. तिथून खाली क्रिकेटचं मैदान दिसतं. २०१० च्या जुलैत मुरलीधरनने ८०० वा बळी इथेच घेतला, तोही आपल्या प्रग्यान ओझाचा. सामना असेल तर तटावरूनही दिसतो. मैदानाकडे पाठ करून पश्चिमेच्या कडेने चालत राहिलात तर सूर्य बुडताना फ्लॅग रॉकला पोचाल. साडेसहाच्या आत बहुतेक अंधार पडू लागतो, म्हणून छोटी विजेरी खिशात असू द्या.

पूर्वेची बाजू, म्हणजे १९३९ चं दीपगृह आणि त्याच्यासमोरची चर्चसारखी दिसणारी पांढरी मशीद, दुसऱ्या सकाळसाठी राखून ठेवा. रात्रीच पाण्याची बाटली भरा, कारण पहाटे दुकानं बंद असतात. गजर साडेपाचचा लावा. सहाच्या सुमाराला तटावर फिरायला निघालेले म्हातारे, कुत्री आणि कावळे एवढेच भेटतात, दगड अजून गार असतो, आणि दुसऱ्या खेपेला आई टोपीशिवाय, कुणाचा हात न धरता, दीपगृहापर्यंत चालत गेली.