घाटात बंद पडणाऱ्या ट्रकचा वायरिंगमधला दोष कसा शोधावा

सकाळी एका सेल्फमध्ये सुरू होणारा, पण माल भरून घाट चढताना अचानक बंद पडणारा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बिनतक्रार चालू होणारा ट्रक मालकाच्या खिशाला फार महागात पडतो, कारण वर्कशॉपमध्ये पोहोचेपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो आणि मग अंदाजाने सेन्सर, रिले, शेवटी ईसीएम म्हणजे इंजिन चालवणारा संगणकसुद्धा बदलला जातो. मोजमाप हाती आल्याशिवाय एकही भाग बदलू नये, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात चालकाला विचारण्यापासून करावी. डिझेलचा पुरवठा तुटला तर इंजिन बहुधा धक्के देत, ओढ कमी करत बंद पडते. वीज तुटली तर ते स्विच बंद केल्यासारखे क्षणात थांबते. त्या क्षणी मीटरवरचे सगळे दिवे गेले की फक्त आरपीएमचा काटा शून्यावर आला, हेही विचारावे. सगळेच गेले असेल तर मुख्य पुरवठा किंवा अर्थिंग तपासावे. गाडी गिअरमध्ये पुढे सरकत असताना केवळ काटा पडला असेल तर क्रँक सेन्सर (इंजिन किती वेगाने फिरते ते ईसीएमला कळवणारा), त्याची वायर किंवा ईसीएमचा पुरवठा यांवर संशय घ्यावा. परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच सेन्सरांचे दोष-कोड एकदम आले असतील तर बहुधा ते सगळे ज्या एका ५ व्होल्टच्या वायरवर किंवा अर्थवर चालतात तिथेच बिघाड असतो. अशा वेळी एकेक कपलर (वायरींचा प्लग) काढत जावे आणि कोणता काढल्यावर ५ व्होल्ट परत येतात ते पाहावे.

कामाआधी हँडब्रेक ओढून चाकांना ठोकळे लावावेत, हातातले कडे आणि अंगठी काढून ठेवावी. बॅटरी सोडवायची झाल्यास निगेटिव्ह टोक आधी काढावे. धूर स्वच्छ करण्यासाठी युरिया वापरणाऱ्या बीएस ६ गाडीत चावी बंद केल्यावर पुस्तिकेत सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, कारण तेवढ्यात यंत्रणा नळ्यांमधला युरिया परत टाकीत ओढत असते.

दोन १२ व्होल्टच्या भरलेल्या बॅटऱ्या मिळून विश्रांतीत सुमारे २५.२ व्होल्ट दाखवतात आणि इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५. हे ठीक असेल तर खरी परीक्षा भाराखाली, म्हणजे वायरमधून पुरेसा प्रवाह वाहत असताना, घ्यावी. ओहम (वायरचा रोध) मोजताना मीटर वायरमधून अगदी क्षीण प्रवाह सोडतो, त्यामुळे आतून कुजलेला जोडही त्याला चांगला वाटतो. म्हणून ईसीएमचा कपलर काढावा, बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून फ्यूजमार्गे २४ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब ईसीएमच्या अर्थ वायरला जोडावा आणि ती वायर व बॅटरीचे निगेटिव्ह यांच्यामध्ये व्होल्ट मोजावेत. बल्ब जेमतेम ०.९ अँपिअर घेतो; निरोगी वायरवर ०.१ व्होल्टपेक्षा कमी दिसायला हवेत. त्याच वेळी हार्नेस (वायरींची जुडी) प्रत्येक क्लिपपाशी हलवावा आणि संशयित जोड हेअर ड्रायरने तापवावा.

कसारा घाटात बंद पडणाऱ्या एका ट्रकवर मी हीच चाचणी घेतली, तेव्हा मीटर ०.०४ वर शांत होता. बॅटरी बॉक्समागची अर्थ वायर थिंबलपाशी (टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या कडीपाशी) वाकवताच आकडा १.८ वर गेला आणि बल्ब मंदावला. थिंबलवरची रबरी नळी चिरल्यावर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघाली. पावसाचे पाणी वायरच्या आतून वर चढले होते, म्हणून चकचकीत तांबे लागेपर्यंत वायर कापावी लागली. नवे थिंबल दाबून बसवले, चेसिसचा रंग खरवडला, दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला आणि मग वरून व्हॅसलीन लावले.

जागेवर दोष सापडलाच नाही, तर मीटरच्या लांब वायरी ईसीएमच्या अर्थवर व बॅटरीच्या निगेटिव्हवर लावून केबिनपर्यंत आणाव्यात, मीटर कमाल नोंद ठेवण्याच्या स्थितीत ठेवावा आणि तो पाहण्याचे काम क्लीनरकडे द्यावे, चालकाकडे नाही. गाडी बंद पडली त्या क्षणी आकडा उसळला नसेल तर पुढच्या फेरीला त्याच वायरी पॉझिटिव्ह बाजूवर लावाव्यात, आणि तीही निर्दोष ठरली तर, क्रँक सेन्सर कॉइलचा असल्यास, त्याचा रोध थंड व गरम अशा दोन्ही स्थितींत मोजावा. त्यातले कॉइल तापल्यावर तुटत असेल तर मीटर अनंत दाखवेल. दुरुस्तीनंतरही या वायरी लगेच काढू नयेत. तेवढाच माल भरून, दुपारच्या उन्हात, त्याच घाटातून एक फेरी करावी आणि माथ्यावर पोहोचल्यावर कमाल आकडा वाचून मगच त्या सोडवाव्यात.