विशीतल्या नटाने सत्तरीतला माणूस उभा करताना

पुण्याच्या पुरुषोत्तम करंडकासारख्या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धांमध्ये सगळा संच विद्यार्थ्यांचा असतो, त्यामुळे आजोबांची किंवा निवृत्त मास्तरांची भूमिका विशीतल्या कुणाला तरी करावीच लागते. व्यावसायिक रंगभूमीवरही हे नवे नाही, डॉ. श्रीराम लागू यांनी १९७० साली ‘नटसम्राट’मधले अप्पासाहेब बेलवलकर रंगवले, तेव्हा त्यांचे वय ४३ होते. माझ्या वाट्याला महाविद्यालयापासून अशाच भूमिका अधिक आल्या आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. म्हातारपणाची लक्षणे गोळा करण्याआधी, म्हातारा माणूस ती लक्षणे लपवण्यासाठी काय धडपड करतो, ते नटाने पाहावे.

कापरा हात, वाकलेली पाठ आणि खोकला यांची नक्कल कुणालाही चटकन जमते. वयस्कर माणसाचे लक्ष मात्र पडू नये याकडे लागलेले असते आणि त्याच्या बऱ्याचशा हालचाली त्या काळजीतून निघतात. पावले आखूड पडतात, दोन पायांमधले अंतर किंचित वाढते, हात मोकळे झुलत नाहीत. मागून हाक आली तर तरुण माणूस चालता चालता नुसती मान वळवतो. सत्तरीतला माणूस आधी थांबतो, लहान लहान पावले टाकत अख्खे अंग वळवतो आणि मगच हाक कुणाची ते बघतो.

तालमीत सर्वांत जास्त वेळ द्यावा तो खुर्चीतून उठण्याला. म्हातारा माणूस आधी खुर्चीच्या कडेपर्यंत सरकतो, पाय मागे घेतो, तळवे गुडघ्यांवर किंवा खुर्चीच्या हातांवर रोवतो, छाती पुढे झुकवून भार पावलांवर आणतो, आणि उभा राहिल्यावरही लगेच चालू लागत नाही, क्षणभर स्थिरावतो. या जोर लावण्याच्या क्षणी श्वास रोखला जातो, म्हणून त्याच वेळी येणारे वाक्य आपोआप तुटते. ते नेमके कोणत्या शब्दावर तुटणार हे दिग्दर्शकाबरोबर बसून ठरवून घ्यावे, कारण आंगिक म्हणजे शरीराचा आणि वाचिक म्हणजे बोलण्यातला अभिनय इथे एकमेकांत मिसळतात आणि सहनटाचा ‘क्यू’, म्हणजे त्याने आपले वाक्य सुरू करण्याची खूणही, त्यावर अवलंबून असतो.

निरीक्षणासाठी मला एसटी स्थानक सर्वांत उपयोगी पडले. बसची पायरी उंच असते, त्यामुळे चढणाऱ्याने पिशवी आधी वर ठेवली का, दांडा कोणत्या हाताने धरला, पहिला पाय कोणता उचलला, हे सगळे स्वच्छ दिसते. दुखणारा गुडघा मागे ठेवून माणूस सहसा चांगला पाय आधी वर टाकतो. आपल्या पात्राचा कोणता गुडघा दुखतो हे पहिल्याच आठवड्यात ठरवून टाका आणि शेवटच्या प्रवेशापर्यंत तोच राहू द्या. डावा-उजवा बदललेला प्रेक्षकांच्या लगेच ध्यानात येतो.

चपला, धोतर, काठी या वस्तू रंगीत तालमीपर्यंत थांबवू नयेत. आहार्य अभिनय, म्हणजे वेशभूषा, रंगभूषा आणि हातातल्या वस्तू, हा शेवटी चढवायचा थर समजला जातो, पण धोतराचा सोगा आणि सैल चप्पल पावलाची लांबी स्वतःच ठरवून देतात. काठी दुखणाऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, हेही अनेकांना माहीत नसते.

पाठ वाकवताना कंबरेतून कोसळू नका. कुल्ल्याच्या सांध्यातून थोडे पुढे झुका, गुडघे सैल ठेवा आणि छाती मिटू देऊ नका, नाहीतर श्वास अपुरा पडतो आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही. वाक किती हवा हे आरशात बघून कळत नाही. तालमीत एखाद्या सहकाऱ्याला नाट्यगृहाच्या मागच्या खुर्चीत बसवा आणि तो सांगेल तेवढाच ठेवा. प्रयोग संपल्यावर मेकअप उतरवण्याआधी पाठ, मांड्या आणि पोटऱ्या ताणून मोकळ्या करा, विशेषतः लागोपाठ प्रयोग असतील तेव्हा.