पेठेत ‘नो पार्किंग’ लावण्याआधी गाड्या मोजा

रस्ता सात मीटरचा धरा. कडेला लावलेली चारचाकी आरशांसकट दोन मीटर खाते. एकाच बाजूला गाड्या असतील तर पाच मीटर उरतात. एसटी आणि रिक्षा सांभाळून एकमेकींना जागा देतात. दोन्ही बाजू भरल्या की उरतात तीन, आणि एसटी एकटीच अडीच मीटरची. म्हणून सरसकट बंदी नको, सम-विषम तारखांनी एक बाजू मोकळी करा.

आधी मोजणी. एक दिवस आठवडा बाजाराचा, एक साधा. सकाळी ९ ते रात्री ८, दर अर्ध्या तासाला त्याच क्रमाने फिरून पूर्ण नंबर टिपा. एमएच ०८ आणि ०७ म्हणजे रत्नागिरी-सिंधुदुर्गातली, ०९ कोल्हापूरची, हेही कळतं. गणपतीत किंवा मे महिन्यात केलेली मोजणी वेगळी ठेवा. चाकरमानी आणि पर्यटकांच्या गर्दीवर वर्षभराचा नियम बेतू नये.

मग एकच नंबर किती फेऱ्यांत दिसला ते पाहा. आठ तास उभी असलेली गाडी अर्ध्या तासाच्या सोळा गिऱ्हाइकांची जागा अडवते. बऱ्याचदा ती समोरच्याच दुकानदाराची निघते, आणि ‘पार्किंगला जागा नाही’ ही ओरडही त्याचीच मोठी. एका गाडीला सहा मीटर धरले तर साठ मीटरच्या कडेला दहा गाड्या. आठ-नऊ भरलेल्या असल्या तर ठीक. दहाही भरल्या की अकरावा घिरट्या घालतो, नाहीतर दुहेरी लावतो.

माल उतरवायला दहा मीटरचा पट्टा राखून ठेवा. आंब्याच्या दिवसांत पेट्यांचे टेम्पो तो नसेल तर भर रस्त्यातच थांबतात. पर्यायी जागा पेठेपासून तीन-चारशे मीटरच्या आत हवी, तीही बंदीच्या आधी. नाहीतर गाड्या शेजारच्या गल्लीत सरकतात आणि रुग्णवाहिका तिथे अडकते. मोकळं मैदान दाखवणार असाल तर आधी खडी टाका, जुलैत चाकं रुततात.

नगरपरिषदेचा ठराव झाला म्हणजे बंदी लागू झाली असं नाही. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११५ खाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश लागतो. बंदी एक महिन्यापुरतीच असेल तर राजपत्रात अधिसूचना लागत नाही, स्थानिक प्रसिद्धी पुरते. तेव्हा आधी महिनाभर करून बघा, तोही सण टाळून.

फलकावर वेळ, तारीख आणि दोन्ही टोकांचे बाण हवेत. बाण नसला की बंदी कुठे संपते यावरूनच हुज्जत. पट्टे दसऱ्यानंतर मारा. ओलसर रस्त्यावर रंग धरत नाही. महिना संपायच्या आत त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजा, या खेपेस शेजारच्या गल्ल्याही धरून.