शाळाभेटीत आणि शिक्षक-मार्गदर्शनात होणाऱ्या या चुका टाळा

राजापूर-लांज्याकडच्या वाड्यांवर परिसरातल्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रप्रमुखांची गाडी वळणावर दिसली की पहिली धाव कपाटाकडे. टाचणवही (पाठाच्या पूर्वतयारीची वही), हजेरी, पोषण आहाराची नोंदवही टेबलावर येते. वह्या पाहण्यातच भेट संपते आणि वर्ग पाहायचा राहून जातो. दप्तर शेवटच्या वीस मिनिटांवर ढकला. आल्या आल्या वर्गात मागे बसा, एक तासिका पूर्ण पाहा. नजर गुरुजींपेक्षा मागच्या रांगेवर ठेवा.

मग शेरा. 'अध्यापन समाधानकारक, गुणवत्तावाढीसाठी प्रयत्न करावेत' हे वाक्य शेरेबुकात इतक्यांदा सापडतं की त्याचा शिक्काच करून घ्यावा! उद्या सकाळी काय बदलायचं, हे त्यातून कुणालाच कळत नाही. त्याऐवजी असं लिहा: 'तिसरीतली चार मुलं ५२ वजा २७ चं उत्तर ३५ काढतात, दशक सुटा न करता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतात. काड्यांचे गठ्ठे सोडवून पुन्हा घ्यावे.' शेरा एकच पुरे, पण पुढची भेट त्याच चार मुलांपासून सुरू व्हायला हवी. दहा सूचना देऊन एकीचाही माग न घेणं, ही तर नेहमीचीच गोष्ट. आणि मुलांसमोर बाईंची चूक काढू नका. सुट्टीत, व्हरांड्यात बोला.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत, अशी अपेक्षा आहे. गडबड होते ती तास मोजण्यात. 'दीक्षा' या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षण-मंचावर व्हिडिओ चालू ठेवून वह्या तपासल्या तरी प्रमाणपत्र हातात पडतं. कोकणातल्या द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता बसतात. तिथल्या शिक्षकाला आधी बहुवर्ग अध्यापन हवं. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकं वाचून दाखवू नका, ती व्हॉट्सअ‍ॅपवर आधीच आलेली असतात. त्या वेळात एखाद्या शिक्षकाला खऱ्या मुलांसमोर पाठ घ्यायला सांगा आणि त्यावर चर्चा करा. द्विशिक्षकी शाळेतल्या दोघांना एकाच दिवशी बोलावलं तर शाळेला कुलूप लागतं, म्हणून आळीपाळीने बोलवा.

गणपती-शिमग्याच्या आसपास निरीक्षण ठेवू नका. अर्ध्या रिकाम्या वर्गावरून कुणाचंही मोजमाप होत नाही.

माध्यमिक शाळांत लिपिक आणि प्रयोगशाळा सहायकांना सगळेच विसरतात. यू-डायस (शाळेची माहिती भरायची सरकारी प्रणाली), शालार्थ (पगाराची ऑनलाइन प्रणाली) यांची कामं त्यांच्या माथी, शिकवायला मात्र कुणी नाही. त्यांच्यासाठीही वर्षाच्या सुरुवातीला दिवस राखून ठेवा.

वर्गनिरीक्षणाची नोंद थेट गोपनीय अहवालात नेऊ नका. एकदा तसं झालं की शिक्षक अडचण सांगायचं थांबवतात आणि भेटीच्या दिवशी आधीच घोटून घेतलेला पाठ दाखवतात.